लॅसेल्सच्या चिलमीतला खडा

मँडेव्हिल
९ जानेवारी २०१९

प्रिय डॉरेट,

तू मला ओळखत नाहीस, आणि ओळखत असशील तर चांगलं काही ऐकून नव्हे. मी फिलोमिना टुलक, तुझ्या लॅसेल्सची थोरली बहीण. दर नाताळात त्याला कार्ड पाठवते. आजवर सेहेचाळीस पाठवली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून या वेळी तुला लिहिते आहे, आणि कामाचं लिहिते आहे.

मला काचबिंदू झाला आहे. थेंब लागू पडत नाहीत, ऑपरेशन एकदा होऊन गेलं. शेवटी डॉक्टरांनी गांजाची चिठ्ठी लिहून दिली. माझ्या हातात, डॉरेट! अडतीस वर्षं कॉन्व्हेंटात मुलींना व्याकरण शिकवलं, आणि पंच्याहत्तराव्या वर्षी मी परवान्याच्या दुकानात रांगेत उभी. माझ्या पुढे अर्ध्या चड्डीतला एक पर्यटक होता.

काउंटरवरच्या पोरीची नखं एवढी लांब की तिला झाकण उघडता येईना. ती मला एक गुलाबी पाइप दाखवू लागली.

"ही घ्या मिस, तुम्हाला शोभेल."

"मला काय शोभतं ते मी बघेन. ही धुवायची कशी?"

"धुवायची कशाला? खराब झाली की नवी घ्यायची."

तिला मी जे सुनावलं ते लिहीत नाही. पण नाइलाजाने घ्यावी लागली ती पाइप, आणि सोबत प्लॅस्टिकची एक डबी. पाइप दोन दिवसांत इतकी तापली की ओठ भाजला. डबीतल्या पाल्यावर अकराव्या दिवशी पांढरी लव आली. असल्या भिकार वस्तू विकायला परवाना लागतो म्हणे.

लॅसेल्स गांजा ओढायच्या करवंटीच्या चॅलिस बनवतो आणि लोक त्या लांबून न्यायला येतात, असं माझ्या कानावर आहे. नावावर माझा आक्षेप आहे. चॅलिस म्हणजे मिस्सेच्या वेळी फादर उचलतात तो पेला. नारळाला ते नाव देणं पाप आहे, हे मी त्याला १९७१ सालीच सांगितलं होतं. पण वस्तू चांगली असेल तर मला एक हवी. पाला नीट राहील असं एक भांडंही हवं.

आणखी एक. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर मला अक्षरं दिसतील. त्याआधी लॅसेल्सच्या हातचं एक पत्र मला वाचायचं आहे. चार ओळी पुरतील. शिव्या असल्या तरी चालेल. एवढं त्याला सांग.

तुझी,
फिलोमिना टुलक

•

ऑरेंज हिल, वेस्टमोरलंड
३० जानेवारी

सिस्टर फिलोमिना,

शांती असो. तुमचं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत.

दुकानातली पाइप टाकून द्या. चॅलिस पाठवते आहे. दोन वर्षं वाळलेला नारळ आहे. वाजवून पाहिला, आवाज भरीव आला, म्हणजे आत चीर नाही. बाहेरून फुटक्या काचेने घासला, आतून वाळूने. नळी बांबूची आहे. प्लॅस्टिकची कधी घेऊ नका, तापली की तिचीच वाफ छातीत जाते. वरची चिलीम मातीची. तिच्यावर नखाने टिचकी मारा, घंटेसारखी वाजली तर भाजणी चांगली. ही वाजेल. पाणी दर वेळी नवं घाला. धूर पाण्यातून आला की निवतो, घसा सोलत नाही.

पाल्यासाठी तपकिरी काचेची बरणी पाठवते आहे. झाकणाला रबराची कडी आहे. बरणी पाऊण भरा, गच्च दाबू नका. खिडकीत ठेवू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. ताजा राहावा म्हणून लोक संत्र्याची साल टाकतात, तसलं काही करू नका, बुरशी तिथूनच येते. चार दिवसांनी झाकण मिनिटभर उघडा आणि पुन्हा घट्ट लावा.

आता लॅसेल्सचं. सिस्टर, तो पत्र लिहीत नाही. तो माथ्यावर असतो, नीरफणसाच्या मोठ्या झाडाखाली. तिथून खाली येत नाही. तुमची कार्डं मी त्याला तिथे जाऊन वाचून दाखवते.

डॉरेट

•

मँडेव्हिल
२० फेब्रुवारी

प्रिय डॉरेट,

पहिली गोष्ट, मला सिस्टर म्हणू नकोस. मी नन नाही. होणार होते, ते वेगळं.

पार्सल धड पोचलं. वस्तू चांगली आहे, हे मी लिहून देते. चिलीम टिचकीसरशी वाजली. बरणीचं झाकण तर असं बसतं की माझ्या वेळच्या मदर सुपीरियरनेही दाद दिली असती. पाला पंधरा दिवसांनीही काल तोडल्यासारखा आहे.

लॅसेल्स झाडाखाली बसून आहे हे वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. लहानपणी रुसला की तो मागच्या आंब्यावर चढून बसायचा. आई खालून कसाव्याची बॅमी भाकरी दाखवायची तरी उतरायचा नाही. सत्तरी उलटली तरी खोड तीच. त्याला म्हणावं, मी खालीच उभी आहे.

आता तक्रारी. चिलीम पेटवून ओढली की पेटता निखारा सरळ खाली पाण्यात पडतो आणि राख तोंडात येते. चांगल्या कारागिराकडून ही अपेक्षा नव्हती.

दुसरी तक्रार कशी लिहावी कळत नाही. चॅलिस मी हॉलमध्ये कपाटावर ठेवली आहे. संध्याकाळी सहाला, चर्चमध्ये आँजेलसच्या प्रार्थनेची घंटा झाली की ती बुडबुडते. कोणी हात लावलेला नसतो. मी पाणी ओतून टाकलं, फडक्याने आतून कोरडी केली. तरी दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा गुडगुड, कोणीतरी सावकाश ओढत असल्यासारखी.

माझ्याकडे कामाला ऊना येते, चाळीस वर्षांची बाई. तिने लगेच दारात मीठ टाकलं.

"मिस फिलो, त्यात भूत आहे."

"त्यात हवा आहे, ऊना. लाकूड वाळताना आवाज करतं."

"सहाच्या ठोक्यालाच वाळतं का?"

त्याचं उत्तर तू दे. करवंटीत काही दोष आहे का?

फिलोमिना

•

ऑरेंज हिल
११ मार्च

सिस्टर,

सवय आहे, जाणार नाही. क्षमा करा.

करवंटीत दोष नाही. निखारा पडतो कारण चिलमीत खडा नाही. चिलमीच्या तळाशी भोकावर एक खडा ठेवायचा असतो. धूर त्याच्या कडेने खाली उतरतो, निखारा वर अडतो. तो मी मुद्दाम पाठवला नाही. चिलीम कोणीही द्यावी, खडा ज्याचा त्याने शोधायचा. दुसऱ्याने उचललेला खडा आम्ही चिलमीत घालत नाही. नदीवर जा, बोटाच्या पेराएवढा गुळगुळीत खडा घ्या आणि मिठाच्या पाण्यात उकळा.

बसेल की नाही सांगता येत नाही. ही चिलीम लॅसेल्सची आहे, त्याने बनवलेली शेवटची. त्याच्या चिलमींना कुठलाच खडा नीट बसत नसे. त्याचा पहिला खडा रिओ कोब्रे नदीतला होता, तुमची आई कपडे धुवायची तिथला. एका अंगाला चपटा, मधे पांढरी रेघ. पोलिसांनी लॅसेल्सला धरलं तेव्हा तो खडा हरवला. त्यानंतर त्याने शेकडो चिलमी केल्या आणि प्रत्येकीचा तळ त्या एका खड्याच्या मापाचा ठेवला, बोटाच्या आठवणीवरून. गिऱ्हाइकं कटकट करायची. तो म्हणायचा, माप बरोबर आहे, खडा चुकीचा आहे.

तो खडा होता ती चॅलिस तुम्ही फोडलीत हे त्याने सांगितलं आहे. त्याचा त्याला राग होता. पण चौकीत जाऊन चुगली केली त्या पॉटिंजर मोच्याने, त्याचं नाव या घरात कोणी घेत नाही. अठरा महिने सक्तमजुरी, आणि पहिल्याच दिवशी डोक्यावरच्या सगळ्या जटा कापल्या. तुमच्याबद्दल मात्र म्हणायचा, "माझी बहीण तोंडावर फोडते, पाठीमागे काही करत नाही."

बुडबुड्यांचं मला सांगता येणार नाही.

डॉरेट

•

मँडेव्हिल
४ जून

डॉरेट,

उत्तराला तीन महिने लागले. पत्रं चार लिहिली, चारही फाडली. हे पाचवं.

तुझं पत्र वाचून मी आईचा शिवणाचा डबा काढला. बटणांच्या खाली, फ्लॅनेलच्या चिंधीत तो खडा आहे. एका अंगाला चपटा, मधे पांढरी रेघ. अठ्ठेचाळीस वर्षं तो माझ्याकडे आहे. तो मी चिलमीत ठेवला आणि हलवावासुद्धा लागला नाही. टक् आवाज झाला आणि बसला.

त्या दिवसापासून सहाला नुसती गुडगुड होत नाही. आधी खोकला येतो. दोन आखूड, एक लांब. तो खोकला कोणाचा हे मला सांगायला नको, तुलाही नको. बरणीतला पाला रोज चिमूटभर कमी होतो आणि झाकण तिरकं टाकलेलं असतं. मी ते दाबून लावते, वर ग्रंथ ठेवते. सहानंतर ग्रंथ बाजूला आणि झाकण तिरकं. आमच्या घरात एकच माणूस होता ज्याने जन्मात कुठल्या डब्याचं झाकण लावलं नाही. त्याच्यापायी साखरेला मुंग्या लागायच्या आणि बोलणी मी खायची.

मी ऊनाला म्हटलं, "भूत असेल तर माझ्या भावाचं कसं? तो जिवंत आहे. वेस्टमोरलंडला टेकडीवर राहतो."

"टेकडीवर कुठं?"

"माथ्यावर. नीरफणसाखाली असतो, खाली येत नाही, असं त्याच्या बायकोने लिहिलंय."

ऊनाने हातातला झाडू भिंतीला टेकवला. "मिस फिलो, माझा बापपण असाच असतो. आमच्या जमिनीच्या माथ्यावर, आंब्याखाली. त्याला तिथं ठेवून सहा वर्षं झाली."

डॉरेट, या बेटावर माणसं आपल्या माणसांना आपल्याच जमिनीत, झाडाखाली ठेवतात हे मला काय ठाऊक नाही? आमच्या आजीलाही तसंच ठेवलं. आणि तुम्ही रास्ताफारी पंथाचे लोक मरण तोंडातून काढत नाही, प्रेताजवळ जात नाही, यावरून मी लॅसेल्सला आईच्या अंत्यविधीच्या वेळी एक खरमरीत पत्रही लिहिलं होतं. सगळं ठाऊक असून तुझी ओळ मी रुसवा म्हणून वाचली. मला रुसवाच हवा होता. रुसलेला माणूस उत्तर देऊ शकतो.

आता विचारते. लॅसेल्स गेला का? एका शब्दात लिही.

आणि तू लिहिण्याआधी मी लिहिते, म्हणजे उत्तर पाहून लिहिलं असं होणार नाही.

चुगली पॉटिंजरने केली नाही. मी केली.

१९७१, गुरुवार होता. कॉन्व्हेंटात मला कायम करायचं की नाही ते त्या आठवड्यात ठरणार होतं. लॅसेल्सच्या खाटेखाली मला ती चॅलिस आणि गांजाने भरलेला बिस्किटांचा डबा सापडला. मागच्या पायरीवर आपटून मी ती फोडली. खडा घरंगळत गटाराशी गेला, तो मी का उचलला ते आजही सांगता येत नाही. मग हात धुतले, हॅट घातली आणि चौकीत गेले. बिस्किटांच्या डब्यात काय आहे आणि डबा कुठे आहे, ते सार्जंटला नीट पूर्ण वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, दम देतील आणि सोडतील. अठरा महिने मला ठाऊक नव्हते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ठाऊक होते. पेपर मीच वाचायची घरात.

पॉटिंजर त्याच दुपारी सार्जंटचे बूट पोचवायला चौकीत गेला होता. बाहेर पडताना आमच्या अख्ख्या लेनने त्याला पाहिलं. मलाही कोणी पाहिलं असेल. पण कॉन्व्हेंटच्या टीचरवर कोण संशय घेणार? लोक त्याच्याबद्दल बोलू लागले. मी गप्प बसले. मी कायम झाले.

फिलोमिना

•

ऑरेंज हिल
२ जुलै

फिलोमिना टुलक,

एका शब्दात मागितलंत. हो.

२०१७च्या ऑक्टोबरात. पावसाने बांध फुटला तो बांधून आला, बसला, आणि संपलं. मला वाटलं होतं तुम्हाला समजेल. समजलं नाही हे दुसऱ्या पत्रावरून कळलं, पण ती गोष्ट आम्ही लिहीत नाही. आज लिहिली. शेवटची दोन कार्डं मी झाडापाशी वाचली.

आता माझं ऐका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग दिवसभर भांगलत बसले.

१९८४ साली तो मोची इथे आला होता. पासष्टीचा माणूस, तुमच्या जुन्या लेनमधून, लिनस्टेडहून दोन बस बदलून, पुढची चढण पायी. बगलेत नव्या बुटांचा जोड. फाटकाशी उभा राहून हाक मारली, "लॅसेल्स, मी नव्हे रे! देवाशपथ मी नव्हे. एवढं ऐकून घे आणि मग हाकल." लॅसेल्स आतून बाहेर आला नाही. मी आले. मी कुत्रा सोडला. म्हातारा चढणीवर पडला, उठला, गेला. बूट फाटकाच्या खांबाशी ठेवून गेला. आम्ही कोणी हात लावला नाही. पावसात त्यांचं चामडं कुजलं. तो म्हातारा माझ्याकडे बघत होता तसा आजही कधीकधी बघतो. तुमच्याकडे खोकला येतो, माझ्याकडे तो येतो.

दुसऱ्या दिवशी लॅसेल्सने पाटी रंगवली आणि फाटकावर ठोकली. पस्तीस वर्षं ती तिथे होती.

तुम्हाला त्याच्या हातचं अक्षर हवं होतं. त्याने आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही. पाटी उतरवली आहे आणि याच पार्सलात पाठवते आहे.

तो तुमच्याकडे येत असेल तर त्याला तुम्हीच सांगा. आम्ही गेलेल्यांशी बोलत नाही. आणि माझ्याकडे माफी मागू नका. माफीचं पत्र दुसऱ्या कोणाला जायला हवं. मोच्याची मुलगी व्हर्ना अजून त्याच लेनमध्ये राहते.

चॅलिस ठेवा. पाणी बदलत जा.

डॉरेट

•

मँडेव्हिल
१९ जुलै २०१९

मिस व्हर्ना पॉटिंजर यांस,

मी फिलोमिना टुलक. तुमच्या लेनमध्ये तिसऱ्या घरात आम्ही राहायचो. तुम्ही तेव्हा पाच-सहा वर्षांच्या असाल, आमच्या पायरीवर बसून चिंचा खायचात.

तुमच्या वडिलांनी माझ्या भावाला पकडून दिलं, असं लेनने म्हटलं. ते खोटं आहे. पकडून दिलं मी. तुमचे वडील बूट पोचवायला गेले होते, दुसरं काही नाही. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लोकांनी त्यांच्याकडे बूट टाकणं बंद केलं तेव्हा ठाऊक होतं, रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसेनासं झालं तेव्हाही ठाऊक होतं. मी दोन बाकं पुढे बसायची. हीच गोष्ट मी तुमच्या चर्चच्या फादरना वेगळ्या पत्राने कळवली आहे आणि ते प्रार्थनेनंतर सर्वांसमोर वाचावं अशी विनंती केली आहे. तुमची हरकत असेल तर त्यांना तसं सांगा. माझी नाही.

तुमचे वडील १९८४ साली माझ्या भावाकडे स्वतः गेले होते. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल. ते म्हणाले, मी नव्हे. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

लॅसेल्स दोन वर्षांपूर्वी वारला, ते खोटं खरं धरूनच. आता त्याला खरं ठाऊक आहे, कारण मी सांगितलं. तुम्हाला हे वेड्यासारखं वाटेल. तो रोज संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये येतो. मी खुर्ची समोर ओढून बसले आणि चौकीतलं सगळं सांगितलं, सार्जंटला सांगितलं होतं तसंच, पूर्ण वाक्यांत. त्या दिवशी खोकला आला नाही, चॅलिसही बुडबुडली नाही. मला वाटलं, गेला. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा आला. तो जात नाही. कशाची वाट पाहतो ते मला आता कळलं आहे.

माझ्यासमोर त्याच्या हातची एक पाटी आहे. देवदाराची फळी, निळा रंग. तिच्यावर लिहिलं आहे: पॉटिंजर नावाच्या माणसाने या फाटकातून आत येऊ नये. डोळे जायच्या आत मला त्याचं अक्षर वाचायचं होतं. हे एवढंच आहे. भिंगातून मी ते रोज वाचते. पी पूर्वीसारखाच काढतो, पोट फुगवून. तो मीच शिकवला होता.

त्यावरचं नाव चुकीचं आहे, ते तिथे राहता कामा नये. दोनदा ब्रश हातात घेतला. माझा हात धजत नाही, आणि खरं म्हणजे ते माझं कामही नाही. टेबलावर पांढऱ्या रंगाचा डबा ठेवला आहे. तुम्ही या आणि ते खोडा. हवं तर सगळी पाटी रंगवून टाका. माझं नाव त्या जागी लिहायचं असेल तर तेही लिहा, मी बरोबर स्पेलिंग सांगेन.

कुठल्याही दिवशी या. मात्र सहाला या. त्या वेळी तो घरात असतो.

फिलोमिना टुलक